ढोलीतला लॅपटॉप

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे लॅपटॉप उघडायची वाट पाहणं. सांज झाली होती, दार लावून घेतलं होतं. पडद्यावर ते गोल चाक फिरत होतं आणि ती बाजूला बसून सुपातल्या तांदळातले खडे काढत होती. मधेच म्हणाली, "अजी, पोरगा दिसला तं आवाज द्या. तोवर तोंड धुऊन येते."

तोंड धुऊन आली, केस विंचरून आली, तरी चाक फिरतच होतं. मग बसलो बोलत. कोणाच्या गाईला वासरू झालं, धानाच्या बांधीतलं पाणी कधी सोडायचं, तिच्या बहिणीच्या पोरीचं लग्न कुठं जमून राहिलं. पोरगा दिसेपर्यंत बोलायचं सगळं आमच्यातच बोलून झालेलं असायचं. त्याला तिनं फक्त जेवलास का एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी ती शेताच्या बांधावर बसली ती उठली नाही. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाला. त्यावर मी जास्त लिहिणार नाही.

मुलगा पुण्यात नोकरीला. सगळं आटोपल्यावर मला घेऊन जायचं म्हणाला. मी एकदा तिथं राहून आलो आहे. वरच्या मजल्यावरचं घर, खिडकीला लोखंडी जाळी, आणि खाली उतरायचं तर ती लिफ्ट कोणीतरी चालवून द्यायला पाहिजे. मी साफ नाही म्हटलं. तेव्हा त्यानं अट घातली. हा लॅपटॉप त्याचाच जुना, घरात वायफायची डबीही त्यानंच लावून दिलेली. रोज संध्याकाळी त्यावर तोंड दाखवायचं.

"ज्या दिवशी तुमी दिसले नाई बाबा, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी न्यायले येतो."

मी हो म्हटलं. तोंड दाखवायला काय लागतं, असं वाटलं.

आमचं गाव आरमोरीपासून आत, जंगलाला लागून. गेल्या वर्षापासून वाघ फिरतो. ऊन कललं की कोणी बाहेर निघत नाही, वनरक्षक गाडीवर फिरून ओरडून जातो. म्हणजे संध्याकाळी मी, बंद दार आणि तो लॅपटॉप. उघडायलाच तो जीव खायचा. उघडला की चुलीसारखा तापायचा, घरघर करायचा आणि मुलगा दिसतो न दिसतो तोच अडकायचा. तिकडं त्याला मी तोंड वासून थिजलेला दिसायचो. मी मोबाइल उचलेपर्यंत तो घाबरून शेजाऱ्याला फोन लावायचा. शेजारी वाघाच्या भीतीनं दार न उघडता भिंतीपलीकडूनच ओरडायचा, "भाऊ, जिता हाव का?"

"हाव."

"मंग तसं सांगून देतो पोराले."

असं वारंवार झालं. शेवटी मुलगा म्हणाला, लॅपटॉप जुना झाला, मेमरी कमी पडून राहिली असेल, रॅम घालून घ्या. आणि त्यानंही नाही झालं तर बॅग भरून ठेवा.

आरमोरीत बसस्टँडजवळ एक बाई कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवते. मी तिला रॅम घालायला सांगितलं. ती म्हणाली, आधी सगळा खोलून पाहू द्या. पण मला उजेडी घरी पोहोचायचं होतं, शेवटची बस सुटली असती. मी म्हटलं, सांगितलं तेवढं करा. तिनं मागचं लहान झाकण काढलं, रॅम बसवली, झाकण लावलं. त्या संध्याकाळी लॅपटॉप पुन्हा अडकला. शेजारी पुन्हा ओरडला. मुलगा फोनवर म्हणाला की रविवारी येतो.

मी सकाळच्या पहिल्या बसनं परत आरमोरीला गेलो आणि या वेळी तिला पाहिजे तितका वेळ दिला. तिनं पूर्ण पाठ उघडली. आतल्या पंख्याच्या तोंडावर धानाचा कोंडा बसला होता, गोधडीच्या चिंधीसारखा जाड थर. तिनं पेचकस खाली ठेवला.

"बाबाजी, हा ठेवता कुठी?"

"ढोलीत."

"कायच्या ढोलीत?"

"धानाच्या. आणखी कायची राहते?"

आमच्या घरी किमतीची वस्तू ढोलीतच जाते. बांबूची विणलेली, शेणामातीनं लिपलेली, माणसाच्या छातीइतकी उंच. माझ्या आईचे चांदीचे गोट तिच्यात होते, जमिनीचे कागद तिच्यात होते. एकदा मोबाइल पाण्यात पडला, बायकोनं धानात पुरून ठेवला आणि तो चालू झाला. मग तर तिला कोणी समजावूच शकत नव्हतं. लॅपटॉप घरात आला त्या दिवसापासून तो रोज धानातून निघायचा आणि धानात जायचा. ती गेल्यावर मीही तसंच करत राहिलो.

बाईनं ब्रशनं कोंडा झाडला, हवा मारली. म्हणाली, मेमरी अपुरी पडत असती तर रॅमनं फरक पडला असता, हा तर तापून धीमा होत होता. मला कळलं. धानाच्या रोवणीला बाया कमी असल्या तर वाढवाव्या. पण पऱ्हेच उपटून आले नाहीत, रोवायला रोपंच नसली, तर कितीही बाया आणा, बांधावर बसून राहतील.

"आता ढोलीत नका ठेवू," ती म्हणाली. मी मान हलवली.

त्या संध्याकाळी दार लावून लॅपटॉप उघडला. मी तोंड धुवायला उठणार तोच मुलगा समोर. इतका साफ की त्याच्या कानावरचे पिकलेले केस दिसले. तो खूश झाला. म्हणाला, आता राहा तिकडं, मी रविवारी येत नाही. मग विचारलं, जेवले का. मी हो म्हटलं. त्याला काम होतं, तो गेला.

खिडकीत अजून उजेड होता. दार लागलेलं. बाहेर जाता येत नव्हतं आणि आत करायला काही नव्हतं. आतापर्यंत ते चाक फिरायचं तोवर मी एकटाच बोलत बसायचो, गाईचं, पाण्याचं, तिच्या बहिणीच्या पोरीचं. आज तेवढाही वेळ नव्हता. जिथं राहायचं म्हणून एवढी धडपड केली तिथं राहायला मिळालं होतं, आणि मी तिच्या सुपासमोर नुसता बसून होतो.

सकाळी उठून मी ढोलीतलं धान काढलं. सगळं पोत्यात भरलं. ढोली आतून झाडली, शेण आणलं, माती कालवली आणि कमरेपर्यंत आत वाकून ती लिपायची तशी हातानं लिपून काढली. बुडाशी तिच्या बोटांच्या जुन्या रेघा होत्या. तेवढी जागा सोडली. मग ढोली वाळून परत धान भरेपर्यंत लॅपटॉप तिच्या खाटेवर ठेवून दिला; त्यानंतर तो पुन्हा धानातच जाणार होता.