अंगठा मामाचा, भाषा माझी

मामी फोनवर रडली नाही. "विनू, तुहा मामा गेला. चहा प्याला, कप खाली ठेवला अन् गेला," एवढंच म्हणाली, आणि मला ऐकू आलं नसेल असं वाटून पुन्हा तेच म्हणाली. मी तेव्हा केळझरच्या शाळेत पाचवीला पत्रलेखन शिकवत होतो. फळ्यावर 'आपला नम्र' लिहून झालं होतं. ते पुसलं आणि सिंदीला निघालो. माझ्या याच पत्रलेखनामुळे महादेवमामाचं फार मोठं नुकसान होणार होतं, ते थोडक्यात टळलं. महिना झाला त्याला जाऊन. घरात मी सगळ्यांचे किस्से रंगवून सांगतो, हा एवढाच एक टाळत आलो...

मामा सिंदीच्या एका जिनिंगमध्ये कामाला होता. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांचे पट्टे सांभाळायचं त्याचं काम. हंगाम सुरू व्हायच्या आधी, दसऱ्याला, यंत्रांची पूजा व्हायची. त्यासाठी पट्ट्यांवरच्या लोखंडी जाळ्या उतरवून धुवायच्या, हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा. जाळ्या मात्र परत चढायच्या नाहीत. पट्टा घसरला की जाळी सोडवण्यात वेळ जातो, म्हणून फोरमन त्या आपल्या खोलीत उभ्या करून ठेवायचा. देवाच्या नावाने उतरलेल्या जाळ्या कारखाने तपासणारे साहेब यायचे तेव्हाच वर जायच्या.

काही वर्षांपूर्वी अशाच एका हंगामात, एका दुपारी मामाच्या सदऱ्याची बाही पट्ट्यात गेली. बाहीमागे मनगट, मनगटामागे कोपर. त्याच ओळीत कापूस टाकणारी बेबीबाई सांगायची, आधी ओली फांदी मोडल्यासारखा आवाज आला आणि मग मामाचा. पट्ट्याने त्याला उचलून खांबावर आपटलं, पुन्हा उचललं, पुन्हा आपटलं. बटण बंद होईपर्यंत उजवा हात खांद्याखालून तुटून सरकी काढलेल्या रुईच्या ढिगात जाऊन पडला होता. बोटं अजून हलत होती म्हणे. बेबीबाईने तो हात आपल्या दुपट्ट्यात गुंडाळला, तेव्हा फोरमन ओरडत होता, "ते लाल झालेली रुई बाजूले काढा आधी, गाठीत डाग जाईन." मी दवाखान्यात पोचलो, मामाचा खांदा बघितला आणि दाणकन खाली पडलो. माझ्या कपाळाला चार टाके पडले. मामा शुद्धीवर आला तेव्हा माझ्या टाक्यांकडे बघत मामीला त्याने पहिला प्रश्न विचारला, "हा कोन्या मशीनमंदी गेलता?"

तिसऱ्या दिवशी जिनिंगचा मुनीम आला. मालक दयाळू आहेत, मदतीचा अर्ज तेवढा द्या, म्हणाला. घरात अक्षर माझं चांगलं. अर्ज म्हणजे विनंती, आणि विनंतीत समोरच्याचा दोष दाखवणं असभ्य, हे मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवत आलोय. 'यंत्रावर जाळी नव्हती' असं लिहिलं तर मालकाला टोचेल. म्हणून मी लिहिलं, 'यंत्रावरील जाळी मी स्वतः काढून काम करीत असता, माझ्याच चुकीने व दैवाच्या इच्छेने हा प्रसंग ओढवला.' वाचून मला स्वतःलाच गहिवरून आलं. मामाला वाचून दाखवायचं सुचलं नाही. ग्लानीतल्या मामाचा डावा अंगठा शाईत बुडवून मीच कागदावर टेकवला.

मदत आली नाही. मग वर्ध्याच्या एका वकीलबाईंनी कामगार न्यायालयात भरपाईचा दावा लावला. दावा मागे घे म्हणून आठवडी बाजारात तिघांनी मामाला वांग्यांच्या ढिगावर पाडून लाथांनी तुडवलं. दोन बरगड्या मोडल्या. मामाने एकाच्या कानाचा तुकडा दातांनी तोडला आणि थुंकून म्हणाला, "हात नाई उरला, दात हायत." पुढे मालकाचं उत्तर आलं. त्याला माझा अर्ज जोडलेला. वकीलबाईंनी तो वाचला आणि चष्मा काढून ठेवला. "कामगाराच्या निष्काळजीपणाने अपघात झाला तरी त्याचा हक्क जात नाही," त्या म्हणाल्या, "पण संरक्षणाची जाळी त्याने जाणूनबुजून काढली असेल तर जाऊ शकतो. हे कोणी लिहिलं?"

वकीलबाईंच्या कचेरीबाहेर कडुनिंबाखाली मामाने मला मारलं. डाव्या हाताचा फटका, सवय नसलेला, कानाऐवजी नाकावर बसला. रक्त सदऱ्यावर ओघळलं. तो दुसऱ्यांदा मारायला वळला तर तोल जाऊन माझ्याच अंगावर पडला. तिथेच धापा टाकत म्हणाला, "माहा हात मशीननं खाल्ला. उरलेला तू खाल्ला बे."

सुनावणीत मामाला विचारलं, हा अंगठा तुमचा का? "अंगठा माहा हाय साहेब. भाषा भाच्याची हाय." मग मी पिंजऱ्यात. जाळी काढल्याचं मामांनी तुम्हाला सांगितलं होतं का? नाही. मग लिहिलं का? खोटं सुचलं असतं तर बोललो असतो. "साहेब, त्याशिवाय वाक्य अपुरं वाटत होतं," मी म्हणालो. मालकाचा वकील हसला, न्यायाधीश हसले नाहीत. माझ्यानंतर साक्षीला बेबीबाई उभी राहिली. तिला मालकाच्या वकिलाने दरडावलं, तुम्ही कापूस टाकत होता की जाळ्या मोजत होता? ती म्हणाली, "मले काय मोजा लागते? साहेब येनार असले का जाळ्या चढत, गेले का उतरत. तेरा वर्सं मीच त्याईले हळद लावली." दुसऱ्या दिवसापासून तिला कामावर घेतलं नाही.

निकाल मामाच्या बाजूने लागला. रकमेचं त्याने विचारलंच नाही. "जाळी म्या काढली नोती, हे त्याच्यात लिवलं हाय का?" लिहिलंय म्हटल्यावर तेवढीच ओळ त्याने माझ्याकडून तीनदा वाचून घेतली, आणि तीनही वेळा वकीलबाईंकडे बघून खात्री केली.

घरी आल्यावर म्हणाला, "मले लिवाले शिकव. आता माह्या नावानं कोनाले लिवू देत नाई." पन्नाशी उलटलेला माणूस, डावा हात. पाटी मांडीवरून घसरायची, म्हणून दाराच्या मागच्या बाजूवर खडूने लिहायचा. रोज सकाळी एक ओळ, संध्याकाळी मामी पुसायची. कुठे कोणी कापला-भाजला कळलं की खाटेशी जाऊन आधी विचारायचा, "काई लिवून देल्लं काय?" त्याच्या शिव्या खाऊन निदान चार मुनीम दवाखान्यातून कोरे कागद घेऊन परत गेले.

परवा मी मामीकडे गेलो होतो. दार लोटलं तर मागे त्या शेवटच्या सकाळची ओळ तशीच. मामीने पुसलेली नाही. वाकडी, चढत गेलेली अक्षरं... 'मी महादेव. माझा हात'. पुढे काही नाही. बहुधा तेवढ्यात चहा आला असावा. खालच्या फळीवर खडू होता. मी तो उचलला, अपुऱ्या ओळीच्या टोकापर्यंत नेला. मामी चुलीपाशी बसून माझ्याकडे बघत होती. मी खडू होता तिथे ठेवला आणि बोटं सदऱ्याला पुसली.