वाळ्यांसकट वजन : मारुंजी, भरे आणि मुळशीचे दोन दिवस

मुळशीला जायचे म्हटले की पुणेकरांच्या डोळ्यांपुढे धरणाचे पाणी आणि गरम भजी येतात. माझ्याही आली. परंतु माझी मैत्रीण माधुरी या तालुक्यात अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका आहे आणि तिने फोनवरच अट घातली. "पाणी कुठे पळून जात नाही. शुक्रवारी भरे गावात वजनाचा दिवस आहे. आधी तो बघ, मग दुपारनंतर मी तुझ्याबरोबर धरणावर येते." मी महाविद्यालयात बालविकास शिकवते. धोरण मंत्रालयातून निघून मुलाच्या ताटापर्यंत कसे पोहोचते, हे फळ्यावर बाण काढून समजावणे हा माझा आवडता उद्योग. त्या बाणाचे टोक प्रत्यक्ष पाहायला मिळत असेल, तर भजी थोडी थांबू शकत होती.

गुरुवारी दुपारी कोथरूडहून निघाले. चांदणी चौकातून पिरंगुटमार्गे भरे गाठणे सर्वांत सोपे. तुम्हीही तसेच जा. मी मात्र बाणेर, महाळुंगे, मारुंजी असा वळसा घेतला, कारण मारुंजीला माझी जुनी विद्यार्थिनी पल्लवी राहते आणि मुक्कामाचा आग्रह तिचाच होता. महाळुंग्यात इमारती इतक्या वेगाने उगवत आहेत, की गेल्या खेपेस खुणेसाठी लक्षात ठेवलेले ज्वारीचे शेत मला सापडलेच नाही. मारुंजीत टेंपो, दुचाक्या आणि 'रूम भाड्याने देणे आहे' अशा पाट्या यांतून वाट काढत सोसायटीच्या दारात पोहोचले, तेव्हा चहाची वेळ टळून गेली होती.

पल्लवी मूळची नांदेडची. ती आणि तिचा नवरा दोघेही हिंजवडीत नोकरी करतात आणि तीन वर्षांचा आरव दिवसभर पाळणाघरात असतो. चहाबरोबर तिने मोबाइल पुढे केला. "मॅडम, बघा ना, आरव उंचीत मागे पडतोय का? आमच्या आयांच्या ग्रुपवर दर महिन्याला सगळ्या जणी आपापले आकडे टाकतात."

आलेख मी नीट पाहिला. मूल अगदी ठणठणीत होते. मात्र शेवटचा बिंदू एकदम वर उडालेला दिसला. "हा इथे एवढा कसा वाढला?"

पल्लवी लाजली. तिचा नवरा स्वयंपाकघरातून ओरडला, "बूट घालून मोजलाय मॅडम! लाइट लागणारे बूट आहेत, सोल जाड आहे."

"मग काय करू? ग्रुपवर वेदांतची आई रोज विचारते," पल्लवी म्हणाली आणि आम्ही तिघेही मनसोक्त हसलो. आरवने ते बूट घालून दाखवले. खरोखरच लाल दिवे लागत होते.

सकाळी आठच्या आत निघालात तर हिंजवडीची कोंडी चुकते. त्यानंतर निघालात तर गाडीत पाणी आणि संयम दोन्ही ठेवा. माण ओलांडले की कचेऱ्यांच्या काचा मागे पडतात आणि घोटावड्याकडे जाणारा रस्ता सह्याद्रीच्या कुशीत शिरू लागतो. भात काढून झाला होता. खाचरांतून कापलेल्या धाटांचे खुंट उरले होते आणि अंगणाअंगणांत पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या होत्या. रस्त्याकडेला एका टपरीवर वडापाव आणि चहा झाला, दोन्ही मिळून पन्नासच्या आत. घरचा आंबेमोहोर विकणारी एक बाई शेजारीच बसली होती. येताना घेईन म्हणाले, आणि घेतला नाही. तुम्ही जाताना घ्या.

भरे गावच्या अंगणवाडीत माधुरी आधीच पोहोचली होती. शैलाताई तेथील सेविका. भिंतीवरच्या चित्रांतला मोर त्यांनीच रंगवलेला. पाच-सहा आया, त्यांच्याबरोबर दोन-तीन आज्या, आणि मध्यभागी टेबलावर वजनकाटा. वाचकांसाठी थोडे समजावते, कारण मला राहवत नाही. प्रत्येक लहान मुलाचे दर महिन्याला वजन घेतले जाते. ते मोबाइलवर भरले, की वयाच्या मानाने हिरवा, पिवळा किंवा लाल रंग उमटतो. लाल रंग आला, की जादा आहार, डॉक्टरांची तपासणी, घरी भेटी हे सारे सुरू होते. संशोधकांनी वर्षानुवर्षे मुलांची वाढ तपासून या रेषा आखल्या आहेत. म्हणजे शासनाला मूल दिसते ते या काट्याच्या डोळ्यांनी. केवढी सुंदर कल्पना आहे ही! आणि केवढी नाजूकही, हे मला पुढच्या अर्ध्या तासात कळले.

दीड वर्षाच्या ईश्वरीला तिच्या आजीने, चंद्रभागाबाईंनी, कडेवर आणले. मागून आई, रेश्मा. ती पिरंगुटच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते आणि त्या दिवशी रजा काढून आली होती. पावसाळ्यापासून मुलीला सारखे जुलाब होत होते आणि डॉक्टरांनी एकदा नीट पाहावे, एवढेच तिचे म्हणणे होते. परंतु दर महिन्याला रंग यायचा पिवळा, आणि पिवळ्यावर तालुक्याच्या रुग्णालयाची चिठ्ठी मिळत नसे.

ईश्वरीच्या अंगात जाड लोकरी स्वेटर, कमरेला चांदीची साखळी आणि पायांत भरीव वाळे होते.

"आजी, स्वेटर काढा की," शैलाताई म्हणाल्या.

"थंडी हाय. पोरगी गारठंल."

"आन् वाळे?"

"नवसाचे हायेत. काढायचे न्हाईत."

रेश्मा खालच्या आवाजात म्हणाली, "आत्या, घरनं निघताना वाटीभर पाणी पाजलंत तिला. मी बघितलंय."

चंद्रभागाबाई सुनेकडे पाहत राहिल्या, आणि मग सगळा राग शैलाताईंवर निघाला. "मंग काय करू? मागं तू भर बायकांत वरडलीस, ईश्वरी लालच्या काठावर हाय म्हनून. दुसऱ्या दिशी गिरणीत सरूबाई मला इचारतीया, काय गं, दारात तीन म्हशी, अन् नातीला दूध न्हाई व्हय? आमी सगळ्या गावाला दूध घालतो. आमच्या घरात कुपोषित?"

मला एकदम आरवचे दिवे लागणारे बूट आठवले.

मी उत्साहाने पुढे सरसावले. दूध भरपूर असलेल्या घरातही मूल कसे खंगू शकते, जुलाबांत अन्न अंगी का लागत नाही, पहिली दोन-तीन वर्षे का मोलाची, हे सारे मी क्रमाने सांगितले. चंद्रभागाबाईंनी सभ्यपणे ऐकले आणि शेवटी म्हणाल्या, "बाई, तुमचं बरोबर असंल. पर सरूबाईला हे कोण सांगनार?"

या प्रश्नाचे उत्तर माधुरीने दिले. तिने काटा उचलला आणि आतल्या स्वयंपाकाच्या खोलीत नेऊन ठेवला. "आजपासून एकेका मुलाला आत न्यायचं. रंग फक्त आईला आणि घरच्यांना दाखवायचा. शैलाताई, मोठ्यानं नाव आणि रंग म्हणायचं बंद. फक्त इथं नाही, माझ्या सगळ्या अंगणवाड्यांत."

"पर सगळ्यांस्नी ऐकू जावं म्हनूनच वरडते मी," शैलाताई म्हणाल्या. "हिरवा आला की सगळ्या जणी टाळ्या वाजवतो आमी."

"हिरव्याला टाळ्या वाजल्या, की लालाला आपोआप शांतता पडते, ताई."

शैलाताईंनी एकदा मोराकडे पाहिले, एकदा माधुरीकडे, आणि मान डोलावली.

आत आम्ही पाच जणीच : माधुरी, शैलाताई, रेश्मा, चंद्रभागाबाई आणि मी. ईश्वरी आजीच्या मांडीवर. "आत्या," रेश्मा म्हणाली, "डेअरीत कॅन वजा करूनच दूध मोजतात ना? त्यानं कॅनसकट मोजलं असतं, तर तुम्हीच भांडला असता."

"भांडले असते म्हंजे? काटाच फेकून दिला असता," चंद्रभागाबाई म्हणाल्या आणि आपल्याच बोलण्यावर त्यांना हसू फुटले. हसत हसतच त्यांनी नातीचा पाय हातात घेतला. वाळा निघावा म्हणून तो फिरवावा लागेल, तेल लावावे लागेल, अशा तयारीने त्यांनी टाच धरली. वाळा तसाच घसरून त्यांच्या तळहातात आला.

त्यांचे हसू थांबले. दुसराही तसाच आला. "वरसाची झाली तवा सोनाराला वाकवून बसवावा लागला हुता," त्या हळूच म्हणाल्या. पुढे कोणाला काही समजावण्याची गरज पडली नाही. साखळी आणि स्वेटर त्यांनीच उतरवले. रंग लाल आला. रेश्माने डोळे मिटून श्वास सोडला, आणि शैलाताईंनी, बाहेर ऐकू जाणार नाही इतक्या हलक्या आवाजात, दुसऱ्याच दिवशी पौडच्या सरकारी रुग्णालयात न्यायचे ठरवले. चंद्रभागाबाईंनी वाळे पदराच्या गाठीत बांधले. "आता येतेच मी बी संगं. डाक्टरला इचारते."

दुपारी त्यांच्याच घरी तांदळाची भाकरी, वालाची आमटी आणि ताक झाले. पैशाचे नाव काढताच रागे भरल्या. मग पौडमार्गे मुळशीच्या पाण्याकडे. रस्ता चांगला आहे, फक्त वळणांवर शनिवार-रविवारी मोटारसायकली उधळतात; आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. कठड्यावर बसून कांदाभजी खाताना समोर पाण्यावर डोंगरांची सावली लांबत होती. माधुरी म्हणाली, "वरून मला विचारतील, लाल एकदम वाढले कसे? तुमचं काम बिघडलं का?"

"मग काय सांगशील?"

"सांगेन, आता खरे दिसू लागले." ती भजी संपवून म्हणाली, "ऐकतील की नाही, माहीत नाही."

फळ्यावर बाण काढताना तो नेहमी वरून खाली येतो. खालून वर जाणारा बाण कसा काढावा, याचा विचार मी चांदणी चौकापर्यंत करत आले.

घरी परतल्यावर पाण्याची छायाचित्रे मैत्रिणींना पाठवली, पल्लवीला फोन करून आरवचे बूट काढायला सांगितले, आणि वर्गात काटा आणि वाळे यांची गोष्ट सांगितली. माधुरीकडे वरून विचारणा झाली. तिचे उत्तर अजून कुणाच्या तरी टेबलावर आहे. काटा मात्र आतल्या खोलीतच राहिला आहे. काही आठवड्यांनी रेश्माच्या नंबरवरून फोन आला. बोलत होत्या चंद्रभागाबाई. आतड्याचा आजार निघाला, औषध सुरू होते, जुलाब थांबले होते, पोरगी भाकरी मागून खात होती.

"वजन किती झालं?" मी अधीरतेने विचारले.

"ते रेश्माला ठावं. मी आकडा न्हाई इचारत," त्या म्हणाल्या. "पर काल वाळा घालून बघितला. टाचंवर अडला बाई. तेल लावावं लागलं."