सव्वा मूठ गहू

माझ्या पायाला भिंगरी होती. धुळ्यात आम्ही चार-पाच जणी घरोघरच्या भाकरी गोळा करून धर्मशाळेतल्या निराधारांना वाटायचो. भाकरी द्यायला कोणी कुरकुर केली की त्याच्याशी भांडायला मीच पुढे असायची. सासूबाईंपुढे मात्र मिठाची गुळणी.

धर्मशाळेतच मला एक पोर सापडली. सहा-सात वर्षांची, मागे कोणी नाही. पुण्याकडच्या अनाथाश्रमाने घ्यायचं कबूल केलं होतं, तोवर ती आमच्या ओट्यावर राहत होती. मला ती घरातच ठेवायची होती. यजमान म्हणाले, "आईले इचार." आज विचारते, उद्या विचारते, असं करत श्रावण आला.

श्रावणात आमच्याकडे खानदेशात कानबाई देवी बसते. माणसागणिक सव्वा मूठ गहू मोजून दळायचे आणि त्याचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या पुऱ्या-पोळ्या, करायचे. ते खायचे फक्त घरच्यांनी, भाऊबंदांनी. परक्याच्या तोंडी कणही जाऊ द्यायचा नाही. म्हणून पोरीसाठी मी शेजारणीकडून पुऱ्या आणल्या होत्या. पण त्या धांदलीत तिच्या हातात रोटाचीच पुरी गेली. लक्षात आलं तोवर अर्धी संपली होती.

सासूबाई दारात आल्या. "काय खाई ऱ्हायनी पोर?"

"शेजारनी पुरी शे," मी म्हणाले.

त्या आत गेल्या. आता पोरीला ठेवून घ्यायचं कुठलं विचारणं? पोरीने तोंड उघडलं तर? पोळ्यानंतर पाठवली असती तरी चाललं असतं, पण मला दम धरवेना. दुसऱ्या दिवशी लोक कानबाई घेऊन विसर्जनाला पांझरा नदीकडे निघाले आणि मी पोरीला आश्रमात पोचवायला ओळखीच्या मास्तरीणबाईंबरोबर चाळीसगावच्या गाडीत बसवलं. ती रडली नाही. पुढे कोण भेटणार, एवढंच तिने विचारलं.

पुढच्या श्रावणात सासूबाई गहू मोजत होत्या. घरच्या माणसांची मोजणी संपली तरी त्यांनी आणखी सव्वा मूठ घातली.

"ही कोन्ही?" मी विचारलं.

"त्या पोरनी. रोट खादा ना तिनी? मंग ती परकी कशी?" त्यांनी वर पाहिलं नाही. "मी तुन्ही वाट देखी. तू सांगंच नही."

सण टाकून मी पुण्याची वाट धरली. पोर आश्रमात नव्हती. हिवाळ्यातच एका कुटुंबाने तिला नेलं होतं, आणि त्यांचं नाव-गाव सांगायचं नाही असा आश्रमाचा नियम होता. मी तिथे खूप भांडले. वर्षभर उशिरा.

सासूबाई असेपर्यंत ती मूठ त्याच घालायच्या, आता मी घालते. तिच्या वाटचे रोट धर्मशाळेतल्या पोरांना नेऊन देते. भाऊबंद नाकं मुरडतात. काय आहे म्हणून कोणी विचारलं, तर रोट आहेत म्हणून सांगते.