झोपलेलं बाळ काय करतंय?

दीपमालामावशीनं मला पहिल्यांदा कडेवर घेतलं तेव्हा मी अडीच वर्षांची होते आणि लाथा झाडत होते. मला हे आठवत नाही, तिला आठवतं. "डाव्या कुशीत मारली व्हतीस," असं ती अजून सांगते. माझे आईवडील मेंढरं घेऊन कराडकडे उसाच्या पट्ट्यात गेले होते, घरी फक्त आज्जी होती आणि मावशी आमच्या अंगणवाडीत नुकतीच मदतनीस म्हणून लागली होती. घरोघरी जाऊन पोरं गोळा करायची, पाणी भरायचं, खिचडी शिजवायची, भांडी घासायची आणि पोरं परत घरी पोचवायची, हे तिचं काम. गेली तेवीस वर्षं ती हेच करते. आमच्या गावातली पंचविशीच्या आतली बहुतेक माणसं तिच्या कडेवर बसून गेली आहेत. पुढं कुणी फौजी झालं, कुणी मुंबईला गेलं. तिच्या लेखी मात्र कोण लाथा मारायचं आणि कोण वरणातली मिरची काढून टाकायचं, एवढीच त्यांची ओळख.

अंगणवाडीच्या सेविका चंद्राबाई येत्या जूनमध्ये निवृत्त होणार होत्या. मदतनीस बारावी पास असेल तर ती सेविका होऊ शकते. मावशी दहावी पास. तिनं बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावीला दोनदा बसून पाहिलं. बाकीचे विषय निघाले, इंग्रजी दोन्ही वेळा राहिलं. लेखीत तीस, एकतीस मिळाले आणि तोंडीला तिनं तोंडच उघडलं नाही. आता ही तिसरी आणि शेवटची संधी. या वेळी राहिली तर बाहेरून नवी सेविका येणार आणि मावशी तिच्या हाताखाली पुन्हा भांडी घासणार.

"घासंन की," मावशी पायरीवर बसून मला म्हणाली. "पण अंके, ह्या पोरांस्नी 'अ आ' मीच शिकिवते. बाई निस्त्या वह्या भरत्यात."

"ऐकू येतंय मला!" आतून चंद्राबाई म्हणाल्या.

मी कराडला इंजिनिअरिंग केलं आणि आता तिथंच एका छोट्या कंपनीत प्रोग्रॅम लिहिते. शनिवारी गावी येते. परीक्षेआधीच्या दोन महिन्यांत दर शनिवारी दुपारी, पोरं घरी गेल्यावर, अंगणवाडीच्या पायरीवर आमचा वर्ग भरायचा. तोंडी परीक्षेत एक चित्र दाखवतात आणि त्यात काय चाललंय ते इंग्रजीत सांगायला लावतात, म्हणून मी चालू वर्तमानकाळापासून सुरुवात केली. मला वाटलं, हे तर सूत्र आहे. ॲम, इज किंवा आर, पुढं क्रियापद, त्याला आयएनजी. एकदा पाठ झालं की कुठलंही वाक्य टाका, उत्तर बाहेर.

मावशीला सूत्र दहा मिनिटांत आलं. "आय ॲम वॉशिंग. यू आर टीचिंग. चंद्राबाई इज शाउटिंग."

तेवढ्यात आतून खरंच हाक आली, "दीपा, कुलूप कुठाय गं?"

"आले, आले!" मावशी बसल्या जागेवरून ओरडली.

"आता हेच इंग्रजीत सांग," मी म्हणाले.

"आय केम, आय केम!"

"मावशी, तू अजून उठलीसुद्धा नाहीस."

"मग? आले म्हंजे आले. मराठीत जे झालं तेच इंग्रजीत."

मी तिला तिच्या नवऱ्याचं उदाहरण दिलं. धोंडिरामकाका मुंबईत एका इमारतीवर वॉचमन आहेत. महिन्याला एकदा गावी येतात आणि त्याआधी आठवडाभर रोज फोनवर "आलोच" म्हणतात.

"काका आलोच म्हणतात तेव्हा कुठं असतात?"

"खुर्चीत!" मावशी हसायला लागली. "निघालेलं बी नसत्यात गं! म्हंजे ते 'केम' न्हाई. ते 'कमिंग'."

आलो म्हणजे कमिंग हे तिला पटलं. पुढच्या शनिवारी मात्र माझं सूत्र बंद पडलं.

भिंतीवर गावाच्या चौकाचा तक्ता होता. झाडाखाली एक म्हातारा बसलेला, बाई घागर घेऊन उभी आणि दुसरीच्या मांडीवर बाळ झोपलेलं. मावशी सांगायला लागली, "ओल्ड मॅन सॅट. वुमन स्टुड. बेबी स्लेप्ट."

"इज सिटिंग, इज स्टँडिंग, इज स्लीपिंग."

"ते कसं? चालतंय, पळतंय, भांडतंय, ते चालू हाय. पण म्हातारा बसलाय. बसून झालं त्याचं. बाळ झोपलंय. आता त्यात काय चालू हाय?"

तिचं खरं होतं. मराठीत आपण 'बाळ झोपलंय' म्हणतो, 'झोपतंय' म्हटलं तर ते अजून डोळे चोळतंय असं वाटतं. मी पंधरा वर्षं इंग्रजी शिकले, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. "इंग्रजीत असंच असतं," मी म्हणाले.

"असंच असतंय म्हनल्यालं माझ्या डोस्क्यात ऱ्हात न्हाई," मावशी म्हणाली. "म्हनून तर दोनदा नापास झाले."

तो शनिवार तसाच गेला. मला वाईट वाटलं. आठवडाभर मी मोबाइलवर व्याकरणाची पानं धुंडाळली. नियम भरपूर सापडले, मावशीला सांगण्यासारखं एकही कारण सापडलं नाही.

पुढच्या शनिवारी पोचले तर पायरीवर मावशी नव्हती. आत डोकावले. धनाजीची धाकटी मुलगी चटईवर झोपली होती, तिची आई अजून न्यायला आली नव्हती. मावशी शेजारी बसून पुठ्ठ्यानं वारा घालत होती. मला बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं, मग त्याच बोटानं पोरीच्या पोटाकडं दाखवलं. पोट हळूहळू वर यायचं, खाली जायचं.

"बघ," ती कुजबुजली. "तेवीस वर्सं पोरं निजवते मी, आन् तुला म्हनले त्यात काय चालू हाय. आगं, समदं चालू हाय. श्वास चालू हाय, सपान चालू हाय. आताच हसली बघ. निजनं म्हंजे बी काम करनंच हाय. म्हनून तर पोरगं निजलं की मी उठत न्हाई जवळनं. बेबी इज स्लीपिंग. बराबर हाय इंग्रजांचं."

"आणि म्हातारा?"

"बसलेल्या मानसानं अंग सोडून दिलं तर पडंल की. त्यो बी दम लावून बसलाय. इज सिटिंग."

हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. मी वहीत लिहून घेतलं.

फेब्रुवारीत दहिवडीला तोंडी परीक्षा होती. मी तिला स्कूटरवर घेऊन गेले. वर्गाबाहेर सतरा-अठरा वर्षांच्या मुलामुलींची रांग आणि त्यात इस्त्रीची साडी नेसलेली मावशी. तिचा नंबर आला. आत काय झालं ते तिनं नंतर मला इतक्या वेळा सांगितलंय, की मी तिथं होते असंच वाटतं.

सरांनी चित्र पुढं सरकवलं. एसटी स्टँडचं होतं. गाडी, माणसं, सामान, चहावाला. मावशीनं ते जवळ ओढलं, मग लांब धरलं. सर थांबले. घड्याळाकडं बघून म्हणाले, "बोला ताई, काहीही बोला." गेल्या दोन्ही वेळा ती इथंच उठून आली होती. मग तिला कोपऱ्यातल्या बाकड्यावर, बोचक्याला टेकून झोपलेलं एक पोरगं दिसलं.

"बेबी इज स्लीपिंग," ती म्हणाली. आणि मग थांबलीच नाही. "बेबीज् स्टमक इज गोइंग अप, गोइंग डाउन. मदर इज सिटिंग. शी इज वेटिंग बस. बस इज नॉट कमिंग. कंडक्टर इज टेलिंग, कमिंग, कमिंग."

सर हसले. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "थँक यू. यू कॅन गो."

मावशी उठली, पदर सावरला आणि सवयीनं म्हणाली, "आय ॲम कमिंग, सर."

"गोइंग म्हणा, ताई."

"आवं सर, निघताना 'जाते' म्हनत न्हाईत. येते म्हनत्यात."

"अहो, परीक्षेतनं उठून 'येते' म्हणालात तर पुढच्या वर्षी पुन्हा याल की!"

मावशी दारापर्यंत गेली. मग दारातून मागं वळून, बाहेरच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आय ॲम गोइंग, सर. गोइंग. गोइंग."

बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "अंके, जन्मात पयल्यांदा 'जाते' म्हनून उठले गं. काय वंगाळ तर व्हनार न्हाई ना?"

मे महिन्यात निकाल लागला. मोबाइल माझ्या हातात होता, मावशी पाठ करून उभी होती आणि चंद्राबाई दोघींच्या मध्ये डोकं घालून बघत होत्या. इंग्रजी : सत्तेचाळीस. चंद्राबाईंनी आपली खुर्ची उचलली आणि मावशीच्या मागं आणून ठेवली. "बस गं. जूनपर्यंत सवय होऊ दे."

मावशी बसली नाही. तिनं आधी मुंबईला फोन लावला. धोंडिरामकाकांना दोनदा सांगावं लागलं, पहिल्यांदा त्यांना खरं वाटलं नाही. मग ते इतक्या मोठ्यानं बोलायला लागले की आम्हालाही ऐकू येत होतं.

"दीपे, पेढं घेऊन आलोच बघ! आलोच!"

"यू आर नॉट कमिंग," मावशी म्हणाली. "यू आर सिटिंग."

"आं? म्हंजे?"

"म्हंजे खुर्चीतनं उठा आदी," मावशी म्हणाली आणि मग स्वतः खुर्चीत बसली.