दसऱ्याची दुनळी

लॉ कॉलेजच्या अभिरूप विधानसभेत माझ्या वाट्याला आलेलं विधेयक असं: परवानाधारकांना बंदूक सुरक्षितपणे हाताळण्याचं ऐच्छिक शिक्षण. विषय वाचून दाखवला तेव्हाच वर्ग हसला. "ऐच्छिक? भाई, आपली लेक्चर्सपण ऐच्छिकच आहेत!"

मी विषय वहीत उतरवून घेतला. आंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत खरी बंदूक आहे, हे कसं सांगणार? पप्पा डोंबिवलीत एका सराफाच्या दुकानावर गनमन आहेत. दुनळी त्यांच्या परवान्याची, त्यामुळे ड्यूटी संपली की घरीच असते.

तयारीसाठी वाचताना एक साधी गोष्ट कळली. चारचौघांत बंदूक ठेवायची तर नळी बिजागरीतून खाली वाकवून उघडी ठेवावी, म्हणजे आत काडतूस नाही हे कुणालाही दिसतं. म्हणून दसऱ्याला मी पप्पांना नळी उघडायला लावली आणि बंदूक तशीच पाटावर ठेवली.

आई हळदकुंकू घेऊन आली आणि थबकली. "अरे, खंडित वस्तूची पूजा करतात का?"

"आई, मोडलेली नाहीये ती. उघडी आहे."

"दिसते तर मोडल्यासारखीच. बंद करा हो."

पप्पांनी खट्कन बंद केली. वर झेंडूचा हार.

दुपारी काका सोनं द्यायला आले. आपट्याची पानं देऊन झाली आणि फोटोसाठी त्यांनी हारासकट बंदूक उचलली. नळीचं तोंड थेट ओट्यापाशी उभ्या आईकडे.

"काका, खाली! खाली करा!"

"रिकामी आहे रे. बघा, वकीलसाहेब घाबरले."

"पप्पा, परत बघा ना."

"सकाळी तुझ्यासमोरच उघडली ना?"

"तेव्हापासून सगळे जेवलो, बाहेर जाऊन आलो. बघा ना."

पप्पांनी वैतागून उघडली. रिकामीच होती. सगळे हसले. मला रडू येईल असं वाटलं. रिकामी निघाली म्हणून मी चूक ठरलो, आणि आता पुढच्या वर्षी कुणीच बघणार नव्हतं.

काका गेल्यावर मी विचारलं, "सरकारने असा वर्ग काढला तर जाल?"

"मला काय शिकवणार? इतकी वर्षं हातात आहे."

आई ओटा पुसत म्हणाली, "मी जाईन. हे झोपलेले, नाहीतर बाजारात. घरात तिच्याजवळ मीच असते."

माझ्या विधेयकात आई कुठेच नव्हती. मी 'परवानाधारकांना' खोडून 'परवानाधारकांना व त्यांच्या घरच्यांना' लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं.

"छान आहे," ती म्हणाली. "पण दसऱ्याला बंदच ठेवायची हं."