नाव जरा मोठं

मंडळी, आज साताऱ्यातल्या माझ्या छपाईच्या दुकानात सुमनवहिनी लेकीची लग्नपत्रिका करायला आल्या. सोबत त्यांच्या स्वतःच्या लग्नाची पत्रिका आणली होती. नव्वदच्या दशकातली, मीच कॉम्प्युटरवर कोरलमध्ये केलेली.

तेव्हा नवरदेव वसंता, माझा दोस्त, शेजारी स्टुलावर बसून म्हणत होता, "गड्या, माझं नाव अजून जरा ताण की रं."

आज वहिनी म्हणाल्या, "भावजी, त्यांचं नाव ह्याच अक्षरात पायजे."

जुना फॉन्ट सापडला. पण ज्या हातानं 'चि. वसंत' लिहिलं, त्याच हातानं 'कै. वसंत' टाइप होईना.

स्क्रीनकडं बघत वहिनी हळूच म्हणाल्या, "ते 'कै.' बारीक करा. नाव मोठं ऱ्हाऊ द्या."

मी माऊसनं नाव ताणत राहिलो. किती मोठं झालं म्हणजे पुरे, तुम्हीच सांगा.