नदीपल्याडची साफ्ता

झामफिरा मावशी आमच्या शेजारी राहायची. गावातल्या कुठल्याही लग्नात चुलीपुढे तीच, आणि आवाज असा की वरातीतले वाजंत्रीही दबून जात. तिची थोरली बहीण साफ्ता प्रुत नदीपलीकडच्या गावात दिलेली. लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच लढाईचं वारं फिरलं, नदीची सरहद्द झाली, काठाने काटेरी तार आली. पलीकडे रोमानिया, अलीकडे सोव्हिएत राज्यात गेलेला आमचा मोल्डोव्हा. बहिणीच्या घरचा धूर दिसे, बहीण भेटत नसे.

मावशी मग लोकर धुवायला काठावर जायची आणि गाण्याच्या चालीवर बातम्या द्यायची. "आई गेली गं ताई, तुझंच नाव घेत गेली." पहाऱ्यावरच्या रशियन शिपायाला वाटे, बाई गातेय. पलीकडून रडणं ऐकू येई.

दोघींचे केस पिकल्यावर, नव्वद सालच्या मे महिन्यात, एक दिवस पूल खुला झाला. लोक फुलं घेऊन धावले. मावशीने चीज भरलेल्या पोळ्या नेल्या. टोपली माझ्या हातात होती. बहिणी गळ्यात पडून पोटभर रडल्या. मग साफ्ताने डोळे पुसले.

"किती छान रोमानियन बोलतेस गं अजून!"

"रोमानियन? मी मोल्डोव्हन बोलते."

"मग मला कसं कळतंय?"

"तूही मोल्डोव्हनच बोलतेस म्हणून. आईकडूनच शिकलीस ना?"

"आई रोमानियन होती!"

"आई मोल्डोव्हन होती!"

आजूबाजूचे लोक हसू लागले. पोळ्या संपल्या, भांडण काही संपलं नाही. पुढे सोव्हिएत राज्य फुटून आमचा देश वेगळा झाला, येणं-जाणं सुरू झालं आणि दर ईस्टरला हाच वाद नव्याने रंगू लागला.

मग रोमानियाने आम्हाला व्हिसा लावला. त्याच सुमारास साफ्ताला अर्धांगाचा झटका आला. मी म्हटलं, "मावशी, लढाईआधी हा काठही रोमानियाच्याच राज्यात होता, तुझा जन्म तेव्हाचा. नागरिकत्व माग, मग कुणी अडवणार नाही."

"आणि स्वतःला रोमानियन म्हणवून घेऊ? मेले तरी नाही!"

साफ्ता नीट जेवत नाही असा निरोप आला, तशी मावशीने डोक्याला रुमाल बांधला. "चल. शपथ कुठे घ्यायची ते दाखव."

कागद हातात पडेपर्यंत हिवाळा उलटला. मीच तिला पोचवायला गेले. साफ्ताचं तोंड एका बाजूला ओढलेलं, पण डोळे लकाकले.

"आली का माझी रोमानियन?"

"कागदावरची! तुझ्यासाठी खोटं बोलले देवापुढे. आता गप जेव." मावशी तिला मक्याचा घट्ट मामालीगा दुधात कालवून भरवू लागली.

दोन घास गिळून साफ्ता हळूच म्हणाली, "एक सांगू? या गावात आम्हीसुद्धा स्वतःला मोल्डोव्हनच म्हणतो. रोमानियातला हा प्रांतही मोल्डोव्हाच ना, नदीच्या दोन्ही काठांना एकच नाव."

मावशीचा चमचा हवेतच राहिला. "इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"बोलले असते तर डोक्यावर चढून बसली असतीस!"

मावशी इतकी हसली की खाटेचा आधार घ्यावा लागला. हसता हसता रडू लागली, आणि साफ्ता चांगल्या हाताने तिची पाठ थोपटत राहिली.

मी दुसऱ्या दिवशी परतले. मावशी राहिली. शरदात, द्राक्षं उतरवायच्या दिवसांत साफ्ता तिच्या मांडीवरच गेली. मावशी घरी आली ती बहिणीची लोकरीची शाल पांघरून, आणि उन्हातसुद्धा ती अंगावरून काढेना.